कोपरच्या रिंगणातला नमस्कार

गुरुवार, कोपर

शेजारच्या सुमनताई मुलाकडे कॅनडाला जाऊन आल्या तेव्हा सबंध गल्लीला त्यांनी सहा महिने बर्फ ऐकवला. मी डोंबिवलीला पाच दिवस राहून आले, तर ‘पाणी कसं आहे तिकडं’ यापलीकडे कोणी काही विचारलं नाही. डोंबिवली म्हणजे काही प्रवास नव्हे, असं कोल्हापुरात सगळ्यांचं मत आहे. या वयात मी कोणाची समजूत घालत फिरणार नाही. मी ब्राझीलची लढाई पाहिली, झुलू पद्धतीच्या काठीचा टोला डोक्यावर खाल्ला आणि बाहियाच्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर पाण्याचा हंडा चढवून दिला. हे सगळं कोपर, दिवा, कल्याण आणि ठाणे एवढ्या पट्ट्यात झालं. ज्यांना बर्फ पाहिजे त्यांनी सुमनताईंकडे जावं.

मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले. आता रविवारी तालमीत मुलींना लाठी आणि फरी-गदका शिकवते, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्यात काठी. जिच्या मनगटात दम असेल तिला दांडपट्टा. त्रेसष्टाव्या वर्षी लाठी अजून सुटलेली नाही, गुडघे मात्र सुटायला लागले आहेत.

निमित्त झालं सईचं. सई ही माझ्या धाकट्या भावाची, अरुणची, एकुलती मुलगी. वय सव्वीस. तीन वर्षं ऐरोलीत संगणकासमोर बसली आणि एके दिवशी नोकरी सोडून, आपण कापोएरा शिकवणार, असं जाहीर केलं. कापोएरा हा ब्राझीलमधला लढाईचा खेळ. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तो तिथे वाढवला. माणसं गोल करून गात उभी राहतात, एक धनुष्यासारखं वाद्य वाजत असतं आणि मधोमध दोघं जण डुलत डुलत एकमेकांवर लाथा फिरवतात. नाचतायत म्हणावं तर लाथ कानाला वारा घालून जाते, भांडतायत म्हणावं तर दोघंही हसत असतात. अरुणने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं की मुलगी योगासनं शिकते.

शेवटी बापलेकीत तह झाला. ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातून सईचे गुरू येणार होते. या लोकांत गुरूला मेस्त्रे म्हणतात आणि कराटेच्या पट्ट्याऐवजी कमरेला रंगीत दोर बांधतात. रविवारी ठाण्यात, वर्तकनगरच्या एका सभागृहात, मेस्त्रे सईबरोबर स्वतः खेळणार आणि तिला शिक्षकाचा दोर द्यायचा की नाही ते ठरवणार. दोर मिळाला तर सईने कोपरमध्ये खुशाल वर्ग काढावा, अरुण तोंडातून ब्र काढणार नाही. नाही मिळाला तर सोमवारी सकाळी नऊ वाजता ठाण्यातल्या एका कंपनीत हजर व्हायचं. कंपनीचं पत्र त्याने फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवलं होतं, पाणी प्यायला गेलं की दिसावं म्हणून.

यात माझा संबंध काय, तर सगळा दोष माझा. सईचा फोन आला.

“आत्या, तू ये. हे तुझ्यामुळे झालंय, आता तूच काढ.”

लहानपणी मे महिन्यात सई कोल्हापूरला यायची आणि मी तिला लाठी शिकवायची. आमच्याकडे शस्त्राला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. माणसाला पाय लागला तरी तेच. विसरली तर दहा बैठका. सईला बैठकांचा मनस्वी कंटाळा, त्यामुळे नमस्कार तिच्या हाडात मुरला. आणि कापोएरात तर सगळा कारभार पायांचाच. हिचा पाय समोरच्याला लागला रे लागला की हिचा हात आपोआप त्याच्याकडे जातो, तिथून कपाळाकडे निघतो, आणि तो कपाळाला पोचेपर्यंत समोरचा हिला पाडून मोकळा. मेस्त्रेंनी मागच्या भेटीतच बजावलं होतं, माफी मागत मागत लढणारी मुलगी दुसऱ्यांना काय शिकवणार.

तर घातलेली सवय काढायला मी निघाले. बरोबर एक भोपळा घेतला. त्या धनुष्यासारख्या वाद्याला, बेरिंबावला, पोकळ वाळलेला भोपळा लागतो. सईने मिरजेच्या सतारवाल्यांकडून लहानसा आणायला सांगितला होता. लहान कशाला, म्हणून मी तंबोऱ्याचा आणला. बसमध्ये तो माझ्या मांडीवर बसून आला. शेजारच्या बाईंनी त्याची भाजी कशी करतात ते मला तीन वेळा विचारलं.

कोपरला अरुणच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी वहिनीने जेवायला वाढलं. आमटीत गूळ होता. आमच्याकडे आमटीने डोळ्यांत पाणी आणलं नाही तर बाईला बरं नाही असं समजतात. इथे आमटी माणसाची विचारपूस करते. मी गुपचूप दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर, दोर नसतानाही सई हौसेने घेते तो वर्ग होता. पांढऱ्या विजारीतली दहा-बारा माणसं, एक बँकेतले गृहस्थ, दोन गृहिणी, बाकी कॉलेजची मंडळी. खेळ सुरू झाला आणि मला हसू आवरेना. नमस्कार एकट्या सईचा नव्हता. लाथ लागली की प्रत्येकाचा हात कपाळाकडे जात होता. बँकेतले गृहस्थ तर लाथ मारायच्या आधीच ‘सॉरी हं’ म्हणून घेत होते. अख्ख्या ब्राझीलमध्ये असा सभ्य कापोएरा कोणी पाहिला नसेल.

मेस्त्रे कोपऱ्यात उकिडवे बसून बघत होते. सत्तरी ओलांडलेले, काळेसावळे, हडकुळे, पांढऱ्या खुंटांची दाढी. या खेळात प्रत्येकाला टोपणनाव असतं. एके काळी तिकडे कापोएरावर कायद्याने बंदी होती, तेव्हा पोलिसांना खरं नाव कळू नये म्हणून ही सोय. मेस्त्रेंचं नाव गाफान्योतो, म्हणजे नाकतोडा. सईला त्यांनी नाव दिलं होतं देस्कुल्पा. त्याचा अर्थ ‘माफ करा’.

त्यांनी माझा भोपळा दोन्ही हातांत घेतला, पोटाला लावला, कमरेवर हात ठेवून बाळंतपण जवळ आलेल्या बाईसारखी गच्चीवर एक फेरी मारली. सगळे हसले. मी ठरवलं, या म्हाताऱ्याशी आपलं जमणार.

शुक्रवार, दिवा

बेरिंबावला तार लागते आणि ती दुकानात मिळत नाही. मोटारीच्या जुन्या टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती सोलून काढायची. ब्राझीलमध्ये हेच करतात म्हणे. टायर दिव्यात, प्रज्ञाच्या घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे.

प्रज्ञा ही सईची मैत्रीण. कुरिअरच्या कचेरीत काम करते, बेरिंबाव वाजवते आणि फोनवर शिकून शिकून मेस्त्रेंची भाषा बोलते. आमची दुभाषी तीच. दिव्यात इमारती इतक्या घाईघाईने उभ्या राहिल्यासारख्या दिसतात की दोन खिडक्या हात लांबवून एकमेकींना मीठ देऊ शकतील. प्रज्ञाचं घर चौथ्या मजल्यावर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी आणि उरलेल्या जागेत पिंपं. तिच्या आईने सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी दिली. गुरुवारच्या गुळानंतर माझ्या जिभेला घरी आल्यासारखं झालं.

खाली पंक्चरवाल्याच्या टपरीमागे मेस्त्रे टायरवर बसून सुरीने कड कापत होते आणि कापता कापता बोलत होते. रिओच्या रस्त्यांवर पूर्वी कापोएरावाल्यांच्या टोळ्या होत्या. त्यांचं लाडकं हत्यार म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. बाहीत मावतो, पकडलं तर दाढी करायला निघालो होतो म्हणता येतं. म्हणून गळ्याभोवती रेशमी रुमाल गुंडाळायचे, कारण रेशमावर वस्तऱ्याची धार घसरते, असा समज. पायाच्या बोटांत वस्तरा धरून फिरवणारे होते, असंही सांगतात.

मी विचारलं, खरंच धरायचे का. मेस्त्रे म्हणाले, त्यांनी स्वतः पाहिलेलं नाही, पण त्यांचे गुरू बूट घातलेल्या माणसाला कधी घाबरले नाहीत. अनवाणी माणूस आला की मात्र दोन पावलं मागे सरायचे.

मग माझी लाठीची कहाणी त्यांनी विचारली आणि मी मुद्दाम थोडी वाढवून सांगितली. त्यांचे डोळे चमकले. बाहियातल्या उसाच्या मुलखात माकुलेले म्हणून काठ्यांचा नाच आहे. दोन्ही हातांत हातभर लांबीच्या काठ्या, तालावर एकमेकांच्या काठीवर टोले, आणि रंगात आले की काठ्या टाकून ऊसतोडीचे कोयते. शिवाय मेस्त्रे वर्षभर दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ राहून झुलूंची काठी शिकून आले होते. तिथेही दोन काठ्या, एक मारायची आणि एक अडवायची. म्हणजे आमचा फरी-गदकाच की, मी म्हटलं. एवढं बोलल्यावर पुढे न खेळता गप्प बसणं दोघांनाही शक्य नव्हतं.

पंक्चरवाल्याने काठ्या दिल्या. टपरीसमोर गर्दी जमली. पहिले पाच-सहा टोले मी सहज अडवले आणि एक मेस्त्रेंच्या खांद्याला लावला. लोक माझ्या बाजूने झाले. तेवढ्यात मेस्त्रे थांबले, काठ्या काखेत मारल्या आणि खाली बघून विजारीची नाडी सोडली. आता नाडी बांधणाऱ्या माणसावर हात टाकायचा नाही, हा आमच्या तालमीचा नियम. मी काठ्या खाली केल्या आणि सभ्यपणे मान वळवली. टक्. डोक्यावर टोला बसला.

मला असा राग आला की ती काठी मोडून त्यांच्या हातात द्यावीशी वाटली. ही कुठली लढाई, मी प्रज्ञाला म्हटलं, सांग त्यांना, हा लबाडपणा आहे. प्रज्ञाने सांगितलं. मेस्त्रेंनी मान डोलावली, जणू मी त्यांचं कौतुक केलं होतं. मग त्यांनी समजावून दिलं. गुलामाला हत्यार बाळगता येत नव्हतं. वस्तरा आला, कोयता आला, तो नंतर आणि चोरून. पहिलं हत्यार म्हणजे मालकाला आपण नाचतोय असं वाटायला लावणं. कापोएरात एक शमादाही असतो. खेळता खेळता एक जण थांबतो, हात पसरून दुसऱ्याला जवळ बोलावतो, जणू आता दोस्ती. दुसऱ्याला जावंच लागतं, ती रीत आहे. दोघं हाताला हात लावून दोन-चार पावलं चालतात. त्यात मारही येऊ शकतो आणि नाहीही येऊ शकत. बोलावणाऱ्याने मारलं तर त्याला लबाड म्हणत नाहीत. बेसावध गेला त्याला वेडा म्हणतात.

एवढ्यात वरून प्रज्ञाच्या आईची हाक आली, पाणी आलं. एका क्षणात गर्दी, पंक्चरवाला, प्रज्ञा सगळे नाहीसे झाले. मेस्त्रेंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि आम्हीही गेलो. चार मजले चढताना बाहियाचा गुरू खांद्यावर हंडा घेऊन पुढे आणि डोक्याला टेंगूळ आलेली मी कळशी घेऊन मागे. वर पोचल्यावर त्यांनी त्याच पाण्याने रुमाल भिजवून माझ्या टेंगळावर धरला. झुलूंची रीत अशी की जिंकलेल्याने हरलेल्याची जखम धुवायची. ती रीत मला आवडली. हरलेली मी होते, हे तेवढं आवडलं नाही.

शनिवार, कल्याण आणि पुन्हा कोपर

सकाळी कल्याणला खाडीकडच्या एका वखारीत बांबू घ्यायला गेलो. सामान उचलायला अरुणही आला. मेस्त्रेंनी एकेक बांबू पायाखाली धरून वाकवून पाहायला सुरुवात केली. विसाव्या बांबूला वखारवाल्याने विचारलं, शिकारीला निघालात का. मी म्हटलं, हो, ठाण्याला. अरुणने तिथेच माझ्याकडे पाठ फिरवली.

कल्याणचा बांबू, दिव्याची तार आणि मिरजेचा भोपळा असं बेरिंबाव दुपारी कोपरला उभं राहिलं. भोपळा मोठा असल्याने आवाज असा घुमला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी, पंप जळला का, म्हणून विचारायला आलं. मेस्त्रे खूश होऊन, वाद्य आमच्याकडे ठेवून निघून गेले. मग मी सईला घेतलं.

माझा उपाय सोपा होता. मी हॉलमध्ये उभी राहणार, सईने मला पाय लावायचा आणि नमस्कार करायचा नाही. सवय तोडायची तर मुळावर घाव घालायचा, आणि मूळ मीच होते. सईने कमरेला हळूच पाय लावला. हात कपाळाला. पुन्हा लावला. पुन्हा हात. मी तिचा उजवा हात माझ्या पदराने बांधला, तर डावा गेला. चाळीसेक लाथा झाल्या तेव्हा अरुण आतून चहा घेऊन आला आणि दारात उभा राहिला. स्वतःची मुलगी मोठ्या बहिणीला लाथा मारते आहे, बहीण ‘अजून जोरात’ म्हणते आहे, आणि प्रत्येक लाथेनंतर मुलगी नमस्कार करते आहे.

“आक्का,” तो हळूच म्हणाला, “कोल्हापुरात डॉक्टरला दाखवलंस का?”

तो गेल्यावर मी म्हटलं, बघ, मी करून दाखवते. मी सईच्या घोट्याला पाय लावला आणि माझाच हात खाली गेला. अडवायच्या आत कपाळाला लागला. सई सोफ्यावर पडून हसत सुटली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातून फ्रिज दिसत होता, फ्रिजवर ते पत्र.

तेव्हा मला शमादा आठवला. मी तिच्याजवळ बसले.

“हात थांबत नाही ना? मग जाऊ दे की खाली. पण खाली गेलेला हात रिकामा वर आणू नकोस. म्हातारा तुला पाडायला येतो तेव्हा एका पायावर असतो. त्या हातावर भार टाक आणि त्याचा उभा पाय ओढ.”

सई उठून बसली. “म्हणजे नमस्कार खोटा करायचा?”

“त्यांच्यात त्याला शमादा म्हणतात.”

“त्यांच्यात. आत्या, तू मला दहा बैठका मारायला लावायचीस. आणि आता तूच सांगतेस नमस्कार करून पाड? नाही जमणार गं मला. पडेन, सोमवारी ऑफिसला जाईन. पण हे नाही करणार.”

मला लाज वाटली, हे सरळ सांगते. सात वर्षांच्या पोरीला जे शिकवलं ते तिने इतकं नीट धरून ठेवलं होतं, आणि मी एका दोरासाठी ते मोडायला निघाले होते. अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यावर माणूस काय करतो, तर मी चहा प्यायले. तो गार झाला होता.

रविवार, वर्तकनगर

बेरिंबाव रिक्षात आडवं मावलं नाही, उभंही मावलं नाही. शेवटी बांबूचं टोक बाहेर काढून प्रज्ञा ते धरून बसली. रस्त्यातल्या प्रत्येक सिग्नलला कोणी ना कोणी विचारलं, धनुष्य कुठे चाललं. वर्तकनगरच्या वसाहतीतल्या एका आजोबांनी तर सभागृहाच्या दारात हात जोडले. कोणाला जोडले ते कळलं नाही, पण भोपळ्याला असावेत.

सभागृह भरलेलं होतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे शिष्य, त्यांचे आईबाप, वडे आणि चटणीचे डबे. अरुण आणि वहिनी दुसऱ्या रांगेत. अरुणने इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू सोमवारी हजर व्हायचं होतं ते त्यालाच. आधी माकुलेले झालं. कोयते काही आणले नव्हते, लाकडी काठ्यांवरच काम भागवलं. तरी टोल्यांचा ताल असा चढला की माझे तळवे शिवशिवले.

मग मेस्त्रे रिंगणात उतरले आणि सईला बोलावलं. दोघं वाद्याच्या पायाशी उकिडवे बसले, हात मिळवले. प्रज्ञाने माझ्या भोपळ्याच्या बेरिंबावच्या तारेवर पहिला टोला दिला. आवाज छातीत लागला.

सई सुंदर खेळते. हे आत्या म्हणून नाही, पस्तीस वर्षं मुलींचे पाय बघितलेली बाई म्हणून सांगते. खाली वाकून, हातांवर उलटी होऊन, मेस्त्रेंच्या लाथेखालून ती पाण्यासारखी जात होती. मग तिची टाच त्यांच्या खांद्याला लागली. हात खाली, हात कपाळाला, आणि मेस्त्रेंनी पायाने तिचा पाय अलगद काढून घेतला. धप्पकन पडली. सगळे हसले. पुन्हा सुरू झालं. या वेळी पाय त्यांच्या दंडाला लागला. हात खाली, हात कपाळाला. धप्प. अरुणने छताच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली. वहिनीने त्याचा हात धरला. मला माझ्या त्या बैठकांची अशी चीड आली की काय सांगू.

तिसऱ्यांदा तिचं पाऊल त्यांच्या गुडघ्याला घासलं. सई थांबली. मेस्त्रे हसले, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. ती वाकली, तिने त्यांच्या पायाच्या बोटांना हात लावला, अगदी नीट, आमच्या तालमीत लावतात तसा. मेस्त्रेंनी पाडायला एक पाय उचलला. आणि सईचा हात कपाळापर्यंत आलाच नाही. तो जमिनीवर टेकला, ती त्याच्यावर गर्रकन फिरली आणि तिच्या पायाने मेस्त्रेंचा उभा पाय आकड्यासारखा ओढला. बाहियाचा नाकतोडा वर्तकनगरच्या लाद्यांवर बसला.

बेरिंबाव थांबलं. प्रज्ञाचं तोंड उघडं राहिलं होतं. सगळ्यांत घाबरली होती सई. मग मेस्त्रे आहेत तिथे आडवे झाले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता उठले आणि तिला तोच डाव पुन्हा करायला लावला. आणखी एकदा. तिसऱ्यांदा स्वतः तिच्या पायाला हात लावून तिला पाडायला गेले, पण त्यांचा नमस्कार कोणालाच पटला नाही. शिकायला सात वर्षांचं असावं लागतं, असं मी प्रज्ञाकरवी कळवलं. दोर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधला. नाव बदलणार नाही म्हणाले. मात्र यापुढे देस्कुल्पाला लोक घाबरतील. त्यांचं कोपर सोलवटलं होतं. सई बाटलीतलं पाणी घेऊन आली आणि ते धुवायला बसली.

अरुण चपला काढून रिंगणात आला. डोळे लाल, चालणं ताठ. आभार मानायला तो मेस्त्रेंसमोर वाकला आणि मेस्त्रे टुणकन दोन हात मागे उडाले.

“संस्कार आहेत आमच्या घरचे,” अरुण त्यांना मराठीत म्हणाला. ते कुठल्या घरातून आले, हे मी तिथे काढलं नाही.

परतताना रिक्षात मी सईला विचारलं, कालपर्यंत तर नाही म्हणत होतीस. तिने दोराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मी ठरवलं नव्हतं गं. मला खरंच वाकायचं होतं त्यांच्यापुढे, एवढं लांबून आले ते. वाकले, आणि त्यांचा पाय दिसला समोर.” मग म्हणाली, “अर्धा खरा होता.”

सोमवार, निघताना

सकाळी नऊ वाजता सई गच्चीवर वर्गासाठी चटया झाडत होती. फ्रिजवरचं पत्र पाठकोरं होतं. वहिनीने त्यावर किराणा लिहून अरुणला दुकानात पाठवलं, यादीत गुळासकट. मेस्त्रे फोनवर माझ्याशी काहीतरी बराच वेळ बोलले. मला त्यातलं शेवटचं ‘पाणी आलं’ एवढं समजलं.

माझी पिशवी दारात होती, भोपळा नसल्याने निम्म्याने हलकी. सई धावत खाली आली, कमरेला दोर तसाच. ‘नीट जा आत्या’ म्हणायचं सोडून ती एकदम माझ्या पायांशी वाकली, आणि काय झालं कळायच्या आत मी दोन पावलं मागे उडी मारली होती. पाठ चपलांच्या कपाटाला लागली. गुडघ्यांनी इतकी चपळाई दहा वर्षांत दाखवली नव्हती.

सई वाकलेलीच राहिली. हात पुढे धरलेला, मान वर.

“आत्या,” ती म्हणाली, “हा पूर्ण खरा आहे.”

मी पुढे आले आणि तिला पाय दिले. एकच दिला खरं तर. दुसरा मागे, घट्ट टेकवून ठेवला होता.